आधी कार्टून पाहिलं, मग मूळ सिनेमा : भलत्याच जागी हसलो आणि भलत्याच जागी रडलो

दिवाणजी_सांगलीकर

लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं. शेवटी म्हटलं, इथं कोण ओळखतंय आपल्याला.

मी सांगलीत मार्केट यार्डात एका अडत पेढीवर दिवाणजी आहे. दिवसभर हळदीच्या पोत्यांचे हिशेब आणि रात्री सिनेमा. गावातली काही हौशी मंडळी महिन्यातून एकदा जुने परदेशी सिनेमे दाखवतात. वीस-बावीस खुर्च्या, एक प्रोजेक्टर, मध्यंतरात चहा आणि भडंग. गेल्या महिन्यात 'सिटिझन केन' होता, ऑर्सन वेल्सचा, १९४१ सालचा. हा सिनेमा केला तेव्हा वेल्स पंचवीस वर्षांचा होता असं सुरुवातीला सांगितलं, तेव्हा आम्ही सगळे आपापल्या पंचविशीत काय करत होतो ते आठवून खाली बघायला लागलो.

सिनेमा सुरू झाला. काळोख. कुंपण, त्यावर 'आत येऊ नये' अशी पाटी, वर टेकडीवर वाडा, एकाच खिडकीत दिवा. दिवा विझतो. मग पडदाभर दोन ओठ. म्हातारा मरताना 'रोझबड' एवढाच शब्द बोलतो, आणि हातातला बर्फाचा काचगोळा निसटतो, पायरीवरून गडगडतो, फुटतो. हॉलमध्ये आवाज फक्त पंख्याचा.

आणि मी फस्सकन हसलो. नुसता हसलो असतो तर खोकल्यात लपवलं असतं, पण तोंडातून मोठ्यानं 'बोबो' निघून गेलं. पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त सरांनी मान वळवून असं पाहिलं की मी पुढची दहा मिनिटं चपलेचा अंगठा बघत बसलो.

आता बोबो काय ते सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी साताऱ्याला आत्याकडे गोडोलीत जायचो. तिच्याकडे केबल होती, आमच्याकडे नव्हती. तिथं 'द सिम्पसन्स' हे पिवळ्या माणसांचं अमेरिकन कार्टून लागायचं. इंग्रजी मला चार आण्याचं कळत होतं, पण बघायचो. आत्या जाता-येता म्हणायची, "ही कावीळ झालेली माणसं काय बघत बसलायस रे." त्यातल्या एका भागाचं नावच 'रोझबड' होतं, १९९३ सालचा, हे मला आत्ता कळलं. त्यात मिस्टर बर्न्स नावाचा महाश्रीमंत, महाखडूस म्हातारा झोपेत 'बोबो, बोबो' करतो आणि त्याच्या हातातला तसाच काचगोळा पडून फुटतो. बोबो म्हणजे त्याचं लहानपणीचं टेडी अस्वल. बारक्या बर्न्सला एक करोडपती न्यायला येतो, पोरगं आईबापांना आणि अस्वलाला टाकून टुणकन गाडीत बसतं, आणि अस्वल तिथंच पडून राहतं. वर बर्फ पडत राहतो.

ज्यांनी 'केन' पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा, जरी ऐंशीच्या वर वर्षं झाल्यावर किती जपायचं हाही प्रश्नच आहे.

'केन'मध्येही पोराला घरातून घेऊन जातात. त्याची बर्फावरची घसरगाडी मागं पडून राहते आणि तिच्यावर बर्फ साचत जातो. तो शॉट आला आणि अख्ख्या हॉलमध्ये बहुतेक मलाच कळलं की रोझबड म्हणजे काय. बाकी सगळे शेवटपर्यंत कोडं सोडवत बसले, माझं उत्तर अर्ध्या वाटेच्याही आधीच आलं होतं. म्हणजे रहस्याची माती झाली. पण शेवटी ती घसरगाडी भट्टीत टाकतात आणि लाकडावरची अक्षरं जळायला लागतात तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सरांनी परत वळून पाहिलं. आता त्यांना काय वाटलं असेल ते त्यांनाच माहीत. सुरुवातीला हसणारा आणि शेवटी रडणारा माणूस.

घरी सायकलवरून येताना आयर्विन पुलावर थांबलो आणि विचार केला: मी रडलो ते केनसाठी, का बोबोसाठी?

तर जाणकारांना दोन प्रश्न. एक, मूळ सिनेमाचा पत्ताही नसलेलं चौदा वर्षांचं पोरगं त्या विडंबनाला हसलंच कसं? मला तर वाटायचं की मूळ माहीत असल्याशिवाय विडंबन म्हणजे चावी नसलेलं कुलूप. दुसरा, आधी कार्टून बघितल्यामुळं माझा मूळ सिनेमा नासला का?

---

पेन्सिलछाप

दिवाणजी, मी मिरजेचा. हल्ली पुण्यात एका अॅनिमेशन स्टुडिओत स्टोरीबोर्ड काढतो. पहिल्या प्रश्नाला तरी उत्तर देऊ शकेन, कारण माझं पोट त्याच्यावरच आहे.

सिम्पसन्सचं रोजचं दृश्य आठवा. सोफा, त्यावर घरचे पाच, कॅमेरा समोर, डोळ्यांच्या उंचीवर. उजेड सगळीकडं सारखा, सावली जवळजवळ नाहीच. हे मुद्दाम केलेलं असतं. आखणी अमेरिकेत व्हायची, मग हजारो चित्रं काढायला काम दक्षिण कोरियात जायचं. सोपी मांडणी असेल तर काम निभतं. असे आठ-दहा भाग पाहिले की तुमच्या डोळ्याला त्या मालिकेचं अक्षर ओळखू यायला लागतं. जसं पेढीवरच्या वहीत कुणी लिहिलंय ते तुम्ही नाव न वाचता सांगाल.

आणि मग एकाएकी अक्षर बदलतं. कॅमेरा जमिनीला टेकतो, वर छत दिसायला लागतं, सावल्या लांबतात, सगळे एकदम गंभीर होतात. कुणाचं अक्षर आहे ते तुम्हाला माहीत नाही, पण हे यांचं नव्हे एवढं डोळ्याला कळतं. चौदा वर्षांचे तुम्ही हसलात ते त्याला. घरातल्या पोरानं बापाचा कोट चढवून ऐटीत फिरावं तसं ते असतं. बाप कोण हे ठाऊक नसलं तरी कोट मापाचा नाही हे दिसतंच.

(छतावरून आठवलं. 'केन'मध्ये छतं इतकी दिसतात कारण वेल्स आणि त्याचा छायाचित्रकार ग्रेग टोलंड कॅमेरा पार खाली ठेवायचे. तेव्हाच्या स्टुडिओतल्या सेटला वर छत नसायचं, तिथं दिवे टांगलेले. यांनी वर पातळ कापड ताणून छत केलं आणि त्याच्या आड माइक लपवले.)

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 'केन'चं नाही. १९९२ च्या एका भागाची सुरुवात आहे. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' हा १९८१ चा सिनेमा, त्यात नायक गुहेतून सोन्याची मूर्ती उचलतो आणि मागून भलामोठा दगड गडगडत येतो. इथं सिम्पसन्सच्या घरातला पोरगा बार्ट बापाच्या खोलीतून चिल्लरची बरणी उचलतो. बारकी बहीण खेळण्यातल्या बंदुकीतून रबरी टोकाचे बाण मारते. बाप जागा होतो, चड्डीवरच, जिन्यावरून पाय घसरतो आणि गोल गोल गडगडत खाली येतो. दगड म्हणजे बाप! बार्ट खाली सरकणाऱ्या गॅरेजच्या दारातून निसटतो आणि शेवटच्या क्षणी हात आत घालून टोपी ओढून घेतो.

हे मी कामासाठी फ्रेम थांबवून थांबवून पाहिलंय. गंमत बरणीत नाही की चड्डीतही नाही. गंमत अशी की कट त्याच लयीत पडतात, संगीत त्याच थाटाचं आहे, आणि टोपीचा हात तितक्याच घाईनं आत जातो. लय जराही सैल केली असती तर उरला असता फक्त जिन्यावरून पडणारा जाड माणूस. आमच्याकडं नवीन पोरं विडंबन करायला बसली की आधी तोंडं वेडीवाकडी करतात. त्यांना पहिलं सांगावं लागतं की बाबांनो, हसू नका. चित्रानं हसायचं नाही. बघणाऱ्यानं हसायचं.

आणि हे कार्टूनलाच का जमतं, तर क्रेनचं भाडं नाही, सेट नाही, टेकडीवरचा वाडा कागदावर तेवढ्याच शाईत होतो. फुकट मात्र नसतं हं. सोफ्याची पार्श्वभूमी शंभर वेळा वापरता येते, वरून पाहिलेला जिना त्या एका शॉटसाठी नव्यानं काढावा लागतो. म्हणजे कुणाला तरी सिनेमाचं वेड असावं लागतं. तिथं ते होतं. 'द इन्क्रेडिबल्स' आणि 'रॅटाटूई' करणारा ब्रॅड बर्ड सुरुवातीची काही वर्षं याच मालिकेत होता. 'झूटोपिया'च्या दोन दिग्दर्शकांपैकी रिच मूरही इथलाच.

---

ओगीची_आई

मी साताऱ्याची, शाहूपुरीत राहते, शाळेत शिकवते. मला वेल्सबिल्स काही माहीत नाही, पण दिवाणजींच्या पहिल्या प्रश्नाची जिवंत आवृत्ती माझ्या घरात आहे. वय वर्षं नऊ.

'ओगी अँड द कॉक्रोचेस' माहीत असेलच. मूळ फ्रेंच कार्टून, १९९८ चं, आणि त्यात संवादच नाहीत. नुसतं मारामारी आणि किंचाळणं. आपल्याकडं हिंदीत आणताना कुणाच्या तरी डोक्यात आलं की यांना बोलतं करू. मग ओगी बोलतो शाहरुखसारखा, त्याचा भाऊ जॅक सनी देओलसारखा, आणि शेजारचा तापट कुत्रा बॉब, तो थेट नाना पाटेकर! म्हणजे फ्रान्समधल्या चित्राच्या तोंडी आपला हिंदी सिनेमा. इथं कॅमेरा नाही बदलला, अक्षर नाही बदललं, फक्त गळा बदलला.

माझा मुलगा बॉबवर लोळण घेऊन हसायचा. नानांचा एकही सिनेमा त्यानं पाहिलेला नव्हता. मग एका रविवारी टीव्हीवर 'क्रांतिवीर' लागला होता. मी मेथी निवडत बसले होते, तो अभ्यासाचं नाटक करत होता. नानांनी तोंड उघडलं आणि पोरगं ताडकन उठलं. "आई, हा माणूस बॉबची नक्कल का करतोय?"

मी समजावलं की बाळा, उलटं आहे. त्याला पटलं नाही. म्हणाला, बॉब मी आधी पाहिलाय. आता काय बोलणार!

पण खरी गोष्ट पुढं आहे. तो खाली बसला आणि शेवटपर्यंत पाहिला. एरवी काळ्या-पांढऱ्या किंवा 'जुन्या रंगाच्या' सिनेमाला (हा त्याचा शब्द) पाच मिनिटं देत नाही. बॉबच्या ओळखीवर नानांना घरात जागा मिळाली.

---

कलम_बावन्न

कराडहून. विषय थोडा बाजूचा आहे, दोनच मिनिटं घेतो, फी नाही.

अशी उघड उघड नक्कल करून यांना कुणी कोर्टात कसं खेचत नाही, हा प्रश्न माझ्या अशिलांपेक्षा माझ्या मुलीनं जास्त वेळा विचारलाय. अमेरिकेत १९९४ च्या मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एका रॅप गटाच्या बाजूनं निकाल दिला. रॉय ऑर्बिसनच्या 'ओ, प्रिटी वुमन' या गाण्याचं त्यांनी विडंबन केलं होतं. पैसे कमावण्यासाठी केलेलं विडंबनही रास्त वापरात, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या वापरात, बसू शकतं, असं न्यायालय म्हणालं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सिम्पसन्सनी कुब्रिकच्या 'द शायनिंग'चं विडंबन केलं, नाव ठेवलं 'द शिनिंग'. त्यात पोरगं माळ्याला म्हणतं की तुम्हाला 'शायनिंग' म्हणायचंय का, तर माळी दबक्या आवाजात त्याला गप्प करतो, दावा लावून घ्यायचाय का! त्या वर्षी हा विनोद वकिलांना दोनदा हसवून गेला असणार.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात विडंबन हा शब्दच नाही. कलम ५२ मध्ये टीका किंवा परीक्षणासाठी रास्त वापराची मुभा आहे, तिच्यातून वाट काढावी लागते. केरळ उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये एका गाजलेल्या नाटकावर लिहिलेल्या प्रतिनाटकाला अशी वाट दिली होती. बस्स. चालू द्या.

---

केबिनमधला_माणूस

नातू टाइप करतोय, मी सांगतोय. चूक झाली तर त्याची.

मी साताऱ्यात थिएटरात ऑपरेटर होतो, एकतीस वर्षं. सिनेमा मी खुर्चीत बसून फार कमी पाहिला, केबिनच्या झरोक्यातून पाहिला. दोन मशीन, वीस मिनिटांच्या आसपास एक रीळ, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका आला की दुसरं मशीन चालू. त्यामुळं मला प्रत्येक सिनेमातला ठिपक्याच्या आधीचा शॉट पाठ. गोष्ट विचारू नका.

ते पेन्सिलवाले चित्राचं बोलले ते बरोबर आहे. पण अर्धं बोलले. आवाजाचं काय?

साल सांगत नाही, भुताचा एक सिनेमा लागला होता. रात्रीचा खेळ, हाऊस फुल. मशीनमध्ये एक्सायटर लॅम्प म्हणून एक बारका दिवा असतो. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते, तिच्यातून त्याचा उजेड गेला की आवाज निघतो. तो दिवा नेमका उडाला. पडद्यावर बाई मेणबत्ती घेऊन जिना चढतेय, मागं पांढरं काहीतरी, आणि आवाज शून्य. आधी शिट्ट्या आल्या. मग बाईनं तोंड उघडून किंकाळी फोडली, बिनआवाजाची, आणि सगळं थिएटर खदखदून हसलं. मी दिवा बदलला, आवाज आला, आणि ज्या बाईला आत्ता हसत होते तिलाच बघून पुढची रांग पाय वर घेऊन बसली. चित्र तेच होतं. त्या रात्री मला कळलं की भीती पट्टीवर असते.

नातवानं मला मोबाइलवर हे पिवळं प्रकरण दाखवलं. त्यात तान्ही पोर बापाच्या डोक्यात लाकडी हातोडा घालते, बाप पडतो, लाल रंगाचा डबा सांडतो. १९९० चं आहे म्हणाला. मी डोळे मिटून ऐकलं आणि म्हटलं, अरे हा 'सायको'! ते चाकूसारखं व्हायोलिन. हर्मन नावाच्या संगीतकाराचं, सगळी नुसती तंतुवाद्यं. आणि दिग्दर्शक हिचकॉकला 'सायको'तल्या त्या न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीतच नको होतं, हर्मननं वाजवून दाखवलं तेव्हा तयार झाला. तर सांगायचं काय, कार्टूनवाल्यांनी आवाजाची थट्टा केलेली नाही. आवाज जशाचा तसा ठेवला आणि खाली तान्ही पोर बसवली.

आणि हे आपल्याला नवीन नाही हो. तमाशातली गवळण पाहिलीय का कुणी? लुगडं नेसलेला बाप्या मावशी होऊन गवळणींच्या पुढं चालतो, पेंद्या आडवा येतो, आणि पुराणातला साक्षात भगवान जकात नाक्यावरच्या कारकुनासारखा दाण मागत उभा राहतो. दिवाणजी, तुमच्या सांगलीला लागून कवलापूर. तिथल्या काळू-बाळूंच्या तमाशातले हवालदार आम्ही पाहिले. मी खरा हवालदार नंतर पाहिला. आमच्या गावाला चौकीच नव्हती. पुढं एकदा खरा हवालदार दारात आला तेव्हा मलाही हसू आलं होतं, आणि त्याची किंमत मी मोजली. तुमचे सर नुसते वळून बघितले, तुम्ही स्वस्तात सुटलात.

---

उगाच_एक_शंका

सगळं गोड गोड चाललंय म्हणून मीठ टाकतो.

आठवण करून देणं म्हणजे विडंबन नव्हे. नंतरच्या कार्टूनांनी, आणि मी 'फॅमिली गाय'चं नाव घेऊनच बोलतो, हा धंदाच केला. मध्येच एक दृश्य घुसडायचं, तुम्ही 'अरे हा तो सिनेमा' म्हणायचं, आणि स्वतःच्या ओळखण्यावर खूश होऊन हसायचं. लग्नात फेटा बघून पाहुणा ओळखल्यासारखं. त्यात मूळ सिनेमाबद्दल काही म्हणणं नसतं. त्यांनी २००७ मध्ये 'स्टार वॉर्स'चं तासाभराचं केलं ते मला आवडलं, कारण तिथं नाइलाजानं गोष्ट शेवटपर्यंत न्यावी लागली.

अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहिली तेव्हा त्यांना मूळ कवींच्या खोडी नेमक्या ठाऊक होत्या, कुठं उसासा टाकतात, कुठं चंद्र आणतात. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी मूळ कविता न वाचता ती विडंबनं पाठ केली, आणि मूळ वाचल्यावर कळलं की अत्रे त्या कवींवर प्रेम करत होते. निदान मला तसं वाटतं. भांडायचं असेल तर या.

दिवाणजींच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझं मत सरळ आहे. रहस्य नासलं, सिनेमा नाही. 'केन' रहस्यासाठी बघायचा असता तर लोकांनी एकदा बघून सोडला असता.

---

पेन्सिलछाप

@उगाच, 'फॅमिली गाय'बद्दल भांडणार नाही, सोमवारी डेडलाइन आहे. पण मोठ्यांसाठीच्या कार्टूननं सिनेमावाल्यांची टोपी उडवणं आजचं नाही. 'द फ्लिंटस्टोन्स' १९६० मध्ये रात्रीच्या वेळेत सुरू झालं, आणि पुढच्याच वर्षी त्यात हिचकॉकच्या थाटाचा एक शेजारी येऊन गेला.

दिवाणजी, एक राहिलं. तुम्ही हॉलमध्ये हसलात ना? 'केप फिअर' बघा. १९६२ चा एक आहे आणि १९९१ चा स्कॉर्सेसीचा. स्कॉर्सेसीच्या सिनेमात तुरुंगातून सुटलेला गुंड थिएटरात एका कुटुंबाच्या पुढं बसून सिगार ओढत मुद्दाम खदाखदा हसतो, त्यांना छळायला. सिम्पसन्सनी १९९३ मध्ये त्याचं केलं. तिथंही खलनायक सिगार ओढत हसतोय, घरचे हैराण. आणि कट झाल्यावर दिसतं की त्याच्या पुढं होमर, म्हणजे बार्टचा बाप, बसलाय, त्याच्याहून मोठी सिगार, त्याच्याहून मोठं हसणं, आणि खलनायकच वैतागतो! मला वाटतं त्या सरांच्या पुढं तुम्ही बसायला हवं होतं.

---

दिवाणजी_सांगलीकर

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा एक्सायटर लॅम्प पेढीवर सगळ्यांना सांगून झाला. ओगीच्या आई, तुमच्या पोराला सांगा की तो बरोबर आहे. मीही केनला आधी बोबोच समजलो.

पेन्सिलछाप, तुम्ही म्हणालात तो भाग काढला. सिगार आहेच, पण माझा जीव गेला तो दंताळ्यांवर. खलनायक, साइडशो बॉब त्याचं नाव, गाडीखाली लपून आलेला असतो. बाहेर निघतो तर सगळीकडं दंताळी पसरलेली. पाय ठेवला की दांडा उठून तोंडावर. परत पाऊल, परत फटका. मी मोजले, नऊ. नेटवर वाचलं की भाग वेळेला कमी पडत होता म्हणून तो प्रसंग ताणला होता. तिसऱ्याला हसू येतं, पाचव्याला कंटाळा येतो, सातव्याला परत हसू येतं आणि नवव्याला मी खुर्चीवरून घसरलो. आता हे विडंबन कशाचं आहे? त्या दोन्ही सिनेमांत दंताळं नाही. ते माझ्या मामाच्या मळ्यातलं आहे. पाला ओढायचं दंताळं उलटं टाकलेलं, माझा पाय, आणि कपाळाला टेंगूळ. अक्षर ओळखायला इथं सिनेमाच लागला नाही.

मग ठरवलं, मूळ बघायचा, आणि आत्याकडंच बघायचा. गेल्या शनिवारी साताऱ्याला गेलो, जाताना तिच्यासाठी हळद नेली, तिनं नेहमीप्रमाणे भाव विचारला. रात्री लॅपटॉपवर १९६२ चा 'केप फिअर' लावला, काळा-पांढरा. संगीत त्याच हर्मनचं. चार जड सूर खाली उतरत येतात. स्कॉर्सेसीनंही तेच संगीत पुन्हा वापरलंय आणि कार्टूननंही तेच, साइडशो बॉब दिसला की ते वाजतं. तर ते सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांपुढं दंताळी. ओठ चावत बसलो.

आत्या पलंगावर शेंगा फोडत होती. तिनं कार्टून पाहिलेलं नाही, तिच्यासाठी ती कावीळच. रॉबर्ट मिचम त्या पोरीच्या मागं मागं जायला लागला तशी तिची बोटं थांबली. परडी बाजूला ठेवली. संगीत परत आलं तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाली, "मागचं दार लावलंस का रे?"

मी हसतच उठलो. परसात अंधार होता, पेरूखालचा पाला सकाळीच ओढून ढीग केलेला. कडी घालण्याआधी बाहेर गेलो, दंताळं उचललं आणि दात भिंतीकडं करून नीट उभं ठेवलं.